आमच्याकडे कुणालाच नाही हो!

रात्रीचे सव्वादोन. फोन वाजला, स्क्रीनवर 'ताई' हे नाव. रात्री सव्वादोनला येणारा फोन चांगली बातमी द्यायला नसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

"अगं, पिल्लूचा श्वास बघ ना कसा चाललाय. छातीतून कसला तरी आवाज येतोय," असं म्हणत ताईने फोन भाच्याच्या छातीजवळ नेला. खरं तर मला ऐकायची गरजच नव्हती. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक वाफ सुटते ना, तसा तो आवाज. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून ओळखते त्याला.

हॉस्पिटल, नेब्युलायझर, तोंडावर तो हिरवा मास्क, पिल्लूची रडारड आणि मग अर्ध्या तासात शांत झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी बालरोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे. ताई, जिजू, ताईच्या सासूबाई म्हणजे आमच्या काकू, आणि मी. डॉक्टर म्हणाले, "अडीच वर्षांच्या मुलावर लगेच दम्याचा शिक्का मारायचा नसतो. पण गालांवर, कोपरांच्या खोबणीत इसब होतं, आता ही घरघर. लक्षणं त्या बाजूची आहेत. घरात कुणाला दमा, अॅलर्जी?"

आणि काकू तत्काळ, जणू हाच प्रश्न येणार हे माहीत असल्यासारख्या, म्हणाल्या, "आमच्याकडे कुणालाच नाही हो!"

ताईने खाली मान घातली. मी मांडीवरची पर्स जरा घट्ट धरली. त्या पर्समध्ये माझा निळा पंप होता.

पंप आणि पोहे

आता जरा फ्लॅशबॅक. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. ताईला बघायला मंडळी येणार म्हणून दोन दिवस आधीपासून घराची साफसफाई, आणि साफसफाई म्हटलं की माझी धाप ठरलेली. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी आईने टीव्हीच्या टेबलावरून माझा पंप उचलला आणि स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यामागे ठेवून दिला. मला म्हणाली, "आज लागला तर आत येऊन घे. आणि ताईच्या इसबाचा विषय नको." ताईचं अंग लहानपणापासून थंडीत उलायचं, खाजायचं, रक्त यायचं. आमच्या घरात त्याला 'कोरडी कातडी' म्हणत. दमा हा शब्दही आम्ही वापरत नसू. 'हिला जरा धुळीचा त्रास आहे' एवढंच.

मास कॉमच्या दोन वर्षांत मी 'सोर्स कसा बोलता करावा' हे शिकले. पण माझ्याच घरातली ही बातमी मी पाच वर्षं दाबून ठेवली. आणि त्या दिवशी केबिनमध्येही गप्पच राहिले. ताईसाठी, की माझ्यासाठी? माझंही लग्न ठरायचंय अजून. असो. त्याकडे येऊच.

त्या रात्री मी ताईकडेच राहिले. सकाळी चहा घेत होते तर आतून आवाज, आक्छी! एक, दोन, तीन... मी मोजायला लागले. अकरा! जिजू डोळे चोळत, नाक ओढत बाहेर आले. मी काकूंकडे बघितलं. काकू अगदी सहज म्हणाल्या, "ते होय? ते आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. ह्याच्या बाबांनाही होतं. सकाळी उठलं की दहा-बारा शिंका! आणि ह्याच्या आत्याला वांगं खाल्लं की अंगावर पित्त उठतं. ती काय अॅलर्जी आहे?"

आता बोला!

वारसाहक्काने काय मिळतं?

मग नेहमीप्रमाणे माझ्यातली पत्रकार जागी झाली. दोन-तीन डॉक्टरांचं डोकं खाल्लं, वाचलं, आणि लक्षात आलं की 'हे कोणाकडून आलं?' हा प्रश्न आपण चुकीचा विचारतोय.

'अॅलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने काढला. म्हणजे शब्दाचा जन्मच लहान मुलांच्या दवाखान्यातला. सोप्या भाषेत सांगायचं तर, आपल्या सोसायटीचा वॉचमन चोराला सोडून कुरिअरवाल्यावर काठी उगारतो ना, तसं. परागकण, धूळ, अंडं, शेंगदाणा या निरुपद्रवी गोष्टींवर शरीराची संरक्षणयंत्रणा तुटून पडते. आणि ही अशी चिडकी यंत्रणा असण्याची प्रवृत्ती, जिला डॉक्टर 'अॅटोपी' म्हणतात, ती घराण्यातून येते. नीट वाचा, प्रवृत्ती येते. नेमका आजार येईलच असं नाही. आजीला पहाटेच्या शिंका, मुलीला इसब, नातवाला दमा, असं एकाच प्रवृत्तीचं तीन पिढ्यांत तीन वेषांत दर्शन होऊ शकतं. म्हणून 'आमच्याकडे दमा नाही' हे काकूंचं वाक्य शब्दशः खरं होतं आणि तरीही उत्तर म्हणून चूक होतं.

ढोबळ हिशेब असा सांगितला जातो. आई-वडील दोघांनाही अॅलर्जीचा कुठलाच त्रास नसेल तरी मुलाला तो होण्याची शक्यता ५ ते १५ टक्के असते. एकाला असेल तर २० ते ४०, दोघांना असेल तर ४० ते ६० टक्के. म्हणजे गंमत बघा, दोन्ही बाजू 'स्वच्छ' असल्या तरी शक्यता शून्य नाही, आणि दोन्ही बाजू 'दोषी' असल्या तरी शंभर नाही.

यात एकच एक जनुक नसतं, अनेक असतात. त्यातलं चांगलं अभ्यासलेलं एक म्हणजे फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणारं. हे प्रथिन आपल्या कातडीची भिंत भक्कम ठेवतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं की या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब होण्याचा धोका बराच जास्त असतो. युरोपीय वंशाच्या साधारण दहातल्या एका माणसात असा बिघाड सापडतो. भिंतीला चिरा पडल्या की आतला ओलावा बाहेर आणि बाहेरची धूळ, अन्नाचे कण आत! आणि पोटातून यायच्या गोष्टी कातडीतून आधी आल्या की शरीर त्यांना पाहुणा न समजता घुसखोर समजतं. म्हणूनच तान्हेपणी इसब असलेल्या बऱ्याच मुलांना पुढे अन्नाची अॅलर्जी, मग दमा, मग शिंका अशी रांगच लागते. आमच्या घरातली 'कोरडी कातडी' ती हीच असावी.

जुळ्यांचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. शेंगदाण्याच्या अॅलर्जीवरचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ती असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ६४ टक्के निघालं, तर वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत जेमतेम ७ टक्के. आनुवंशिकतेचा जोर एवढा! पण जरा उलटं वाचा. जनुकं हुबेहूब तीच असूनही एक तृतीयांशाहून जास्त जोड्यांत दुसऱ्याला काहीच नाही. हा फरक कुठून आला?

भिंत पडली आणि...

तर, परिस्थितीतून. एक किस्सा सांगते. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली. जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन म्यूटियस या डॉक्टरबाईंनी पश्चिमेच्या म्युनिकमधली आणि पूर्वेच्या लाइपझिगमधली मुलं तपासली. वंश एक, भाषा एक. अपेक्षा अशी की कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लाइपझिगमध्ये अॅलर्जी जास्त असणार. निघालं उलटंच! लाइपझिगच्या मुलांना ब्राँकायटिस जास्त होता, पण अॅलर्जीची खूण देणाऱ्या त्वचाचाचण्या म्युनिकच्या तुलनेत साधारण निम्म्याच मुलांमध्ये पॉझिटिव्ह होत्या.

त्याच १९८९ साली लंडनमध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या मार्चमध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासून आणखी एक गोष्ट मांडली होती. ज्याला मोठी भावंडं जास्त, त्याला परागज्वर, म्हणजे फुलोऱ्याच्या मोसमातली शिंकांची सर्दी, कमी. भावंडांची शेंबडी नाकं बाळाच्या कामी येत असावीत, असा तो तर्क. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. आजार होणं चांगलं असं नाही, तर लहानपणी तऱ्हेतऱ्हेच्या निरुपद्रवी जंतूंशी ओळख होणं महत्त्वाचं, असं आता मानलं जातं.

आणि तिसरा किस्सा अमेरिकेतला. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी पंथ. दोघेही युरोपातून आलेले, जनुकीयदृष्ट्या जवळचे, खाणंपिणंही सारखं. फरक एवढाच की आमिश लोक अजूनही घोडे जुंपून शेती करतात, गोठा घराला लागून, पोरं दिवसभर त्यातच. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठा घरांपासून लांब. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी दोन्हीकडची ३०-३० मुलं तपासली गेली. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१! आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते, आणि ती धूळ प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नाकात घातली तर त्यांचंही दम्यासारख्या त्रासापासून संरक्षण झालं.

हे मी ताईला सांगितलं तर ती वैतागली. "म्हणजे धूळ चांगली की वाईट? काय ते एक ठरवा!"

रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की, धूळ धुळीत फरक आहे. गोठ्यातली धूळ वेगळी आणि ताईच्या फ्लॅटमधली वेगळी. शेजारी तीन टॉवर्सचं बांधकाम, खाली सिग्नलला थांबलेल्या गाड्यांचा धूर, गादीत आणि सोफ्यात राहणारे डोळ्यांना न दिसणारे माइट्स, बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात आलेली ओल आणि तिच्यावरची काळी बुरशी. यातलं काहीच आमिश नाही! गाड्यांचा धूर आणि लहान मुलांचा दमा यांचा संबंध जगभर दिसलाय. आणि 'गावाकडे चला' असंही नाही, कारण चुलीचा धूर गावातही असतोच. हात धुणं आणि लसी तर कुठेच सोडायच्या नाहीत.

आपल्याकडेही मुलांची पाहणी झाली आहे बरं का. १९९० च्या दशकात 'आयझॅक' या जागतिक अभ्यासात ५६ देशांतली १३-१४ वर्षांची ४ लाख ६३ हजारांहून जास्त मुलं होती. केंद्रांच्या यादीत मुंबईही आहे आणि पुणेही. एका केंद्रात आणि दुसऱ्यात लक्षणांच्या प्रमाणात २० ते ६० पटींचा फरक निघाला. दम्याच्या लक्षणांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड सगळ्यात वर, आणि सगळ्यात खालच्या देशांत भारताचं नाव. पण आता आपली घरं, आपली हवा आणि आपलं खाणं वरच्यांसारखं होत चाललंय. आणि पुणेकरांनो, आपलं गाजर गवत विसरू नका. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे परदेशी गवत आज देशभर पसरलंय, आणि त्याने नाक आणि कातडी दोन्ही बेजार होतात.

उष्टावणात शेंगदाणा?

सगळ्यात मोठी कोलांटउडी मात्र खाण्याच्या बाबतीत झाली. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की घरात अॅलर्जी असेल तर बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. मग लंडनच्या गिडियन लॅक यांच्या लक्षात आलं की इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचे कुरकुरे लवकर खायला लागतात आणि तिथल्या मुलांत ही अॅलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने आहे. पुढे त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित, अर्ध्यांना पूर्ण बंदी. पाच वर्षांची झाल्यावर बंदीवाल्यांपैकी १७ टक्के मुलांना अॅलर्जी, खाणाऱ्यांपैकी ३ टक्के! हे निष्कर्ष २०१५ चे. लांबवा म्हणणारा सल्ला २००८ मध्येच मागे घेतला गेला होता. आता तर अशा बाळांना लवकर सुरू करा असं सांगतात.

पिल्लूच्या उष्टावणाला मामा नसल्याने खिरीचा पहिला घास भरवायचा मान मावशीला, म्हणजे मला मिळाला होता. तेव्हा त्याचे गाल लालबुंद होते आणि घाबरून ताईने पुढे वर्षभर अंडं, शेंगदाणा, दही, केळं, सगळं बंद केलं होतं. वर कुठल्याशा लॅबचं अॅलर्जीचं पॅकेज! रिपोर्टमध्ये चौदा पदार्थांपुढे 'पॉझिटिव्ह'. आता कळतंय की टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे अॅलर्जी असणं नव्हे; खाल्ल्यावर प्रत्यक्षात काय होतं, ते महत्त्वाचं. बाळाला तीव्र इसब असेल तर शेंगदाणा, अंडं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि शेंगदाणा अख्खा नको, घशात अडकतो, बारीक कूट करून नीट कालवून द्या. पण नुसत्या भीतीपोटी ताट रिकामं करू नका.

घरात काय बदललं

काकू जुन्या वळणाच्या असल्या तरी नातवासाठी काहीही करतील. डास मारायची कॉइल बंद झाली. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते, हे वाचून दाखवल्यावर त्यांनी पाकीट स्वतः कचऱ्यात टाकलं. आता मच्छरदाणी. उदबत्ती देवापुढे, पण खिडकी उघडी ठेवून आणि पिल्लू दुसऱ्या खोलीत असताना. जिजू गॅलरीत सिगारेट ओढायचे, 'घरात कुठे ओढतो' म्हणून. तो धूर कपड्यांतून आणि दारातून आत येतोच, गरोदरपणातला आणि तान्हेपणातला धूर तर घरघरीचं सिद्ध कारण. जिजूंची सिगारेट बंद आहे. निदान आज सतरावा दिवस आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, ओलीची भिंत दुरुस्त, आणि आंघोळीनंतर लगेच अंगाला मॉइश्चरायझर. पिल्लूचा पंप स्पेसर लावून, रोज. "सवय लागेल ना हो पंपाची?" या काकूंच्या प्रश्नाला डॉक्टरांनी उत्तर दिलं, "चष्म्याची लागते तेवढीच." औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे डोसही कमी पुरतो.

एवढं करून पिल्लूला पुन्हा कधीच त्रास होणार नाही? तसं कुणी लिहून दिलेलं नाही. या गोष्टींनी त्रास कमी होतो, प्रवृत्ती पुसली जात नाही. अनेक मुलं मोठेपणी यातून बाहेर पडतात, काही माझ्यासारखी पर्समध्ये पंप घेऊन फिरतात आणि तरीही डेडलाइन पाळतात.

आणि बायोडेटा

गेल्या रविवारी आई ताईकडे आली होती. जेवणं झाली, काकू सुपारी कातरत होत्या, पिल्लू स्पेसरला 'भोंगा' म्हणत घरभर पळत होता. आई एकदम म्हणाली, "विहीणबाई, एक सांगायचं होतं. हिला लहानपणापासून दमा आहे. आणि मोठीलाही इसब होतं. तेव्हा बोललो नाही आम्ही."

अडकित्ता थांबला. मला वाटलं, आता महाभारत! काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलं असतंत, तर तेव्हा कदाचित आम्हीही नको म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "ह्याच्या बाबांनाही शेवटी शेवटी रात्री उठून बसावं लागायचं. आम्ही कुणाला सांगितलं नाही."

म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. आणि त्याचा फटका बसला अडीच वर्षांच्या पोराला, ज्याच्या गालांवरचं इसब आम्ही वर्षभर 'दात येतायत' म्हणून उडवून लावलं. डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात खरं सांगितलं असतं तर निदान ती सव्वादोनची रात्र कदाचित टळली असती. जनुकं निवडणं आपल्या हातात नव्हतं. सांगणं होतं.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. माझा बायोडेटा आईनेच टाइप करून घेतलाय. उंची, गोत्र, पगार, 'गृहकृत्यदक्ष' (हसू नका). त्यात शेवटी मी एक ओळ घातली: 'मला लहानपणापासून दमा आहे, औषधाने नियंत्रणात असतो.' आणि आईला पाठवला.

तिच्या नावापुढे दोन निळ्या टिका आल्यात. तिने तो अजून कुणाला फॉरवर्ड केलेला नाही.